थेंबाचा हिशेब

संत्र्याची साल फुगवलेल्या फुग्याजवळ धरून पिळा. सालीतून बारीक तुषार उडतात, ते रबरावर पडतात आणि फुगा फटकन फुटतो. त्याच सालीचे तेल थर्माकोलवर टाकले तर तिथे खळगा पडत जातो. दोन्हीकडची करामत एकाच रेणूची, लिमोनीनची. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा त्याचाच असतो. मुलांना हा प्रयोग दाखवला की ती खिदळतात. मला मात्र सुगंधी तेलांच्या औषधी गुणांबद्दल कुणी भरभरून बोलू लागले की आधी तो फुगा आठवतो. रबर आणि थर्माकोल विरघळवणाऱ्या द्रवाला आपण बिनदिक्कत ‘सौम्य’ म्हणून टाकतो, आणि त्याचे कारण एवढेच की त्याचा वास छान असतो.

माझे या तेलांवर प्रेम आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचे वाचून मी त्यांच्या विरोधकांत जमा व्हायचो. लव्हेंडरचा, निलगिरीचा, गवती चहाचा वास मला मनापासून आवडतो. त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचण्याची खोडही जुनी आहे. या वाचनातून एक गोष्ट पक्की झाली: ‘तेलांनी गुण येतो का’ या प्रश्नावर हमरीतुमरीवर येणारी दोन्ही मंडळी बहुधा चुकीच्या प्रश्नावर भांडत असतात. कोणत्या तेलातला कोणता रेणू, किती, आणि शरीरात कोणत्या वाटेने जाणार, हे ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नसते.

झाडाने हे रसायन आपल्यासाठी बनवलेले नाही. पान कुरतडणाऱ्या किड्याला हाकलायचे, बुरशीला आवर घालायचा, परागकण नेणाऱ्या माशीला बोलवायचे, अशी त्याची स्वतःची कामे असतात. पानात किंवा पाकळीत ते अगदी थोडे, इवल्या पिशव्यांत साठवलेले असते. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात वाफ त्या पिशव्या फोडते, सुगंध सोबत घेऊन वर जाते, थंड होते, आणि पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगू लागतो. गुलाबाचे एक किलो तेल मिळायला साधारण तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे बाटलीत जे येते ते फूल असे उरलेलेच नसते. शेकडो-हजारो फुलांतला एकच अंश बाजूला काढून तो गच्च भरलेला असतो. फूल हुंगणे आणि तेल पिणे यांत एवढे अंतर आहे, आणि ‘नैसर्गिकच तर आहे’ असे म्हणणारा ते एका शब्दात ओलांडून जातो. धोतराही नैसर्गिकच असतो.

या तेलांच्या उपचाराला आज ज्या नावाने ओळखतात तो ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रेने-मोरीस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने रूढ केला. १९३७ साली त्याने या विषयावर पुस्तकच लिहिले. त्याची गोष्ट ठिकठिकाणी सांगितली जाते. प्रयोगशाळेत हात भाजला, शेजारी लव्हेंडरच्या तेलाचे भांडे होते, त्याने हात त्यात बुडवला आणि व्रणही न राहता जखम बरी झाली. गोष्ट ऐकायला गोड आहे. गातफोसेने स्वतः लिहिलेली हकीकत वेगळी आहे. १९१० साली प्रयोगशाळेत स्फोट झाला. अंगावरच्या ज्वाळा त्याने गवतावर लोळून विझवल्या. पुढे हातांच्या जखमांत गॅस गँगरीन, म्हणजे मांस सडवणारा जंतुसंसर्ग, पसरू लागले. लव्हेंडरच्या तेलाने एकदा धुतल्यावर ते थांबले, असे तो सांगतो. भांड्यात हात बुडवण्याचा प्रसंग त्यात कुठेच नाही. मला ही खरी हकीकत दंतकथेपेक्षा अधिक आवडते. सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात मुरलेला माणूस जंतुनाशक म्हणून एक द्रव्य विचारपूर्वक वापरून बघतो, हे त्यात दिसते. तरीही एका माणसाचे दोन हात म्हणजे पुरावा नव्हे. काचेच्या बशीतले जंतू लव्हेंडरने मरतात हे खरे. त्या बशीत ब्लीचनेही मरतात.

पण काही तेलांची बाजू भक्कम आहे, आणि त्यात पहिला मान मी पेपरमिंटला देईन. त्यातला मेन्थॉल कातडीला लागला की गार वाटते. तापमापी लावा, कातडीचे तापमान उतरलेले दिसणार नाही. आपल्या चेतातंतूंवर थंडी ओळखणारा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो, टीआरपीएम-८ नावाचा. गारवा वाढला की तो उघडतो आणि मेंदूला वर्दी देतो. मेन्थॉल नेमका त्यालाच जाऊन चिकटतो, म्हणून गारवा नसतानाच गारव्याची वर्दी जाते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी हा ग्राहक स्वतंत्रपणे शोधला, आणि उष्णता, थंडी व स्पर्शाच्या ग्राहकांवरच्या एकूण कामासाठी दोघांना २०२१ चे नोबेल मिळाले. सर्दीत मेन्थॉल हुंगून नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, त्यामागेही हीच चलाखी आहे. नाकातून जाणारी हवा मोजून पाहिली तर चोंदलेपण तसेच असते; आत जाणारी हवा गार लागते, म्हणून मेंदू समजतो की रस्ता साफ झाला. याला कुणी फसवणूक म्हणेल. रात्री दोन वाजता नाक बंद असलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, फसवा मला.

पोटात मात्र पेपरमिंट फसवत नाही, खरेच काम करते. आतड्याच्या स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरायला ते आडकाठी करते, त्यामुळे पीळ सैल पडतो. आतड्याच्या ‘आयबीएस’ नावाच्या चिवट तक्रारीत पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल डॉक्टर देतात, आणि त्यामागे रीतसर चाचण्या आहेत. या कॅप्सूलला असे आवरण असते की ती जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते. आवरण नसेल तर तेच तेल अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करते आणि आंबट घशाशी येऊ लागते. द्रव्य तेच, मात्रा तीच, फक्त मुक्काम चुकला आणि औषधाचा त्रास झाला. लव्हेंडरचेही असेच आहे. जर्मनीत चिंतेच्या अस्वस्थतेवर ८० मिलिग्रॅम लव्हेंडर तेलाची कॅप्सूल औषध म्हणून मिळते, तिच्यावर चांगले अभ्यास झालेले आहेत. कोणी ते वाचून बाटलीतले चार थेंब पाण्यात टाकून प्यायले तर त्याने त्या अभ्यासातले काहीच घेतले नाही असे होते. तेल पाण्यात मिसळतच नाही. वर तरंगते, आणि पहिल्या घोटाला ओठ, तोंड, घसा यांना तसेच्या तसे भिडते.

लवंगेच्या तेलात युजेनॉल असते, आणि दातांच्या डॉक्टरांकडचा विशिष्ट वास बराचसा त्याचाच. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल कालवून तात्पुरते सिमेंट करतात, ते दातांच्या उपचारात फार पूर्वीपासून आहे. दुखऱ्या दाताला कापसावर टिपलेला एक थेंब लागला की ठणका खरेच थांबतो. कीड तशीच राहते, आणि पुन्हा पुन्हा लावले तर हिरडी पोळते. इथपर्यंत सगळे समजण्यासारखे आहे. पण लवंगेचे तेल पाच-दहा मिलिलीटर पोटात गेल्याने लहान मुलांचे यकृत बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत जसे होते, तसेच. उताराही तोच वापरला गेला, एसिटिलसिस्टीन.

आणि विंटरग्रीन नावाच्या झुडपाचे तेल. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत दगाबाज वास हाच, कारण तो चघळायच्या गोळ्यांसारखा गोड आहे. या तेलात जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट असते. दुखऱ्या सांध्यांना लावायच्या मलमांत तेच असते आणि तिथे ते आपले काम करते. मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे ॲस्पिरिनचे सख्खे भावंड. आता हिशेब बघा: एक चमचा, म्हणजे पाच मिलिलीटर विंटरग्रीन तेल म्हणजे सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिन. ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी धरली तर वीसहून जास्त गोळ्या, एका चमच्यात, आणि तेही द्रवरूप, पटकन शोषले जाणारे. लहान मुलाचा जीव जायला एक चमचा पुरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मोठ्यांनाही नुसत्या कातडीवर चोळण्याने भोवू शकते. वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना असे मलम अंगभर चोळले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कातडीवर लावलेले बाहेरच राहते असा एक गैरसमज आहे, तो विंटरग्रीनपुरता तरी सोडून द्यावा.

कापूर आणि निलगिरी यांचे दुखणे निराळे. दोन्ही लहान मुलांच्या मेंदूवर लवकर चढतात. कापूर पोटात गेल्यावर काही मिनिटांत आकडी येऊ शकते. निलगिरीच्या तेलाने आधी गुंगी, कधी आकडी, शुद्ध हरपणे. अमेरिकेत अंगाला लावायच्या औषधांत कापूर ११ टक्क्यांहून जास्त चालत नाही, ते उगाच नव्हे. मेन्थॉल किंवा कापराचा उग्र वास तान्ह्या बाळाच्या नाकाशी नेला तर घशाची कवाडे एकदम आवळू शकतात, श्वास अडू शकतो. मोठ्यांच्या सर्दीला जे सुखाचे वाटते ते बाळाच्या नाकपुडीत, वरच्या ओठावर लावू नये, असे सगळेच डॉक्टर सांगतात. निलगिरीची वाफ घेताना मुले भाजतात ती तर निलगिरीमुळे भाजतच नाहीत. कलंडलेल्या पातेल्यातले पाणी भाजते.

विषबाधेच्या या गोष्टी एका दमात वाचल्या की बाटली खिडकीबाहेर फेकावीशी वाटते. तसे करण्याचे कारण नाही; मात्रेचा अंदाज आला की भीती आपोआप जागेवर येते. साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलीटर. अंगाला लावायच्या साध्या तेलाच्या तीस मिलिलीटरमध्ये सहा थेंब टाकले की झाले एक टक्का. चेहऱ्याला एवढेही पुष्कळ, मालिशीसाठी दोन टक्क्यांपर्यंत चालते. हे गणित इतके सोपे आहे की ते कुणी करत का नाही याचेच नवल वाटते. बाटलीच्या तोंडाला थेंब-थेंब पडणारी बोंडी असते ती याच कारणासाठी. बरेच लोक ती उपटून काढतात.

न मिसळता थेट लावलेले तेल कुणाला लगेच पोळते, कुणाला काहीच होत नाही. काहीच न होणारा माणूस जास्त अडचणीत असतो, कारण तो लावत राहतो आणि कधीतरी त्याला ॲलर्जी जडते. एकदा जडली की ती सहसा जन्माची. गंमत अशी की ताजे लिमोनीन किंवा लव्हेंडरमधले लिनालूल फारसे उपद्रवी नसते. हवा लागून त्यांचे ऑक्सिडीकरण झाले की जी हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात, ती कातडीला चिडवतात. टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाचेही तसेच. म्हणून अर्धी रिकामी, वर्षानुवर्षे उघडझाप झालेली बाटली नव्या बाटलीपेक्षा वाईट. गडद काच, घट्ट झाकण आणि गार जागा यांमागे रसायनशास्त्र आहे, सजावट नव्हे. टी ट्रीची एक जमेची बाजूही सांगायला हवी. १९९० च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात मुरुमांच्या १२४ रुग्णांवर पाच टक्के टी ट्री आणि पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचे नेहमीचे औषध यांची तुलना झाली. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण आला, आणि कातडीला त्रास कमी झाला. इथेही पाच टक्केच, निव्वळ तेल कुणी फासले नव्हते. घरात मांजर असेल तर मात्र हे तेल जपून ठेवा. मांजराच्या यकृताला असली रसायने निकामी करून बाहेर टाकणे नीट जमत नाही.

बर्गामोटची गोष्ट मला विशेष वाटते, कारण तिच्यात गुन्हेगार दोन आहेत. लिंबाच्या जातीच्या या फळाच्या साली दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन असते. ते कातडीवर असताना ऊन लागले की अतिनील किरणांनी ते चेतते आणि कातडी भाजल्यासारखी लाल होते, मग महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. अत्तर जिथून ओघळले तिथेच डाग उमटायचे, गळ्यातल्या लोलकाच्या आकाराचे. म्हणून त्वचारोगाच्या पुस्तकांत त्या डागांना लोलकावरूनच फ्रेंच नाव पडले. सावलीत बसलेल्याला काहीच नाही, उन्हात गेलेल्याला शिक्षा. दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलाचेही थोडेफार असेच. वाफेने काढलेल्या लिंबाच्या तेलाला तो दोष नसतो, कारण बर्गाप्टेनसारखे जड रेणू वाफेबरोबर वर येत नाहीत. फळ तेच, पण काढण्याची रीत बदलली की स्वभाव बदलतो. बाटलीवर ही रीत छापलेली असते, वाचणारे थोडे.

त्याऐवजी मोठ्या अक्षरांत छापलेले असते ते ‘थेराप्युटिक ग्रेड’. ही प्रत ठरवणारी कोणतीही स्वतंत्र संस्था नाही. विकणाऱ्याने स्वतःच्या पाठीवर स्वतः मारलेली थाप आहे ती. तेलात काय आहे ते गॅस क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीच्या, अहवालात कळते, आणि कळायला हवेही, कारण एकाच नावाच्या झाडाची तेले वेगवेगळी निघतात. थाइमचे एक झाड थायमॉल बनवते, शेजारच्या टेकडीवरचे लिनालूल. पहिले कातडीला झोंबेल, दुसरे बरेच मवाळ.

वास मनावर काय करतो, हा प्रश्न मी इतका वेळ बाजूला ठेवला, कारण तिथे माझे मत थोडे डळमळते. बाकीच्या इंद्रियांचे निरोप आधी मेंदूतल्या थॅलॅमसकडे जातात. वासाचा निरोप त्याला वळसा घालून थेट भावना आणि आठवणींच्या भागांत शिरतो. त्यामुळे वासाने जीव शांत होतो हे मला खोटे वाटत नाही. पण किती शांतता वासाची आणि किती आणखी कशाची, हे वेगळे काढणे अवघड. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर मळमळणाऱ्या रुग्णांना पेपरमिंट, स्पिरिट किंवा नुसते मिठाचे पाणी लावलेली घडी हुंगायला दिली. नाकाने खोल श्वास घ्यायचा, तोंडाने सावकाश सोडायचा. तिन्ही गटांत मळमळ उतरली, मिठाच्या पाण्यावाल्यांचीही. बहुधा गुण त्या सावकाश श्वासाचा. यावर ‘बघा, पेपरमिंट फोल ठरले’ असे कुणी म्हटले की मला पटत नाही. घाबरलेल्या, ओकारीने बेजार माणसाला ‘खोल श्वास घे’ म्हटले तर तो वैतागतो. त्याच्या हातात काहीतरी सुवासिक दिले तर तो न सांगता खोल श्वास घेतो.

तेलांचा सर्वांत निर्मळ वैद्यकीय उपयोग मला जो वाटतो, त्याची जाहिरात कुठे दिसत नाही. सर्दी-तापाच्या विषाणूंनी, आणि अलीकडे करोनाने, पुष्कळांची वास घेण्याची शक्ती गेली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉक्टर थोमास हुमेल यांनी २००९ साली अशा रुग्णांसाठी एक कवायत मांडली. चार बाटल्या: गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकीचा वास दहाएक सेकंद घ्यायचा, बारा आठवडे. एवढेच. कवायत करणाऱ्यांची ही शक्ती ती न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली, आणि आज कान-नाक-घसा तज्ज्ञ ती सर्रास सांगतात. नाकातल्या वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने उगवत असतात. त्यांना सरावाला काहीतरी हवे असते. इथे लवंगेचा जंतुनाशक गुण किंवा निलगिरीचा कफनाशक लौकिक कामाला येत नाही. फक्त त्यांचा वास ओळखू येण्याइतका ठळक आणि एकमेकांपासून निराळा असतो, ही त्यांची लायकी. प्यायचे नाही, चोळायचे नाही. सुरुवातीचे कित्येक दिवस काहीच कळत नाही. पुष्कळांना आधी काहीतरी भलताच, जळका वास येऊ लागतो, आणि तज्ज्ञ त्याला सुधारणेची खूणही मानतात.

मी स्वतः काय ठेवतो, असे कुणी विचारलेच तर: लव्हेंडर, पेपरमिंट आणि लवंग, तिन्ही लहान बाटल्या, बाळहात पोचणार नाही अशा कुलपी खणात. विंटरग्रीन ठेवत नाही; त्याचे काम मोजक्या प्रमाणाचे मलम करते. प्यायला म्हणून यातले काहीच वापरत नाही. एखाद्या पोराने तोंडाला बाटली लावलीच तर ओकारी काढायची नाही, कारण तेल फुप्फुसात उतरले की नवे संकट उभे राहते. मूल वरवर बरे दिसत असले तरी बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. डॉक्टरांना बाटलीवरचे नाव हवे असते, आणि ती किती रिकामी झाली आहे तेही बघायचे असते.